शुक्राची सावली

आमच्या घराला एकच भिंत पांढरी होती. बाकीचं घर कुडाचं, शेणामातीनं सारवलेलं, पण पडवीची उगवतीकडे तोंड केलेली भिंत आई दर दिवाळीला चुन्यानं रंगवायची. येणारे-जाणारे म्हणायचे, एका भिंतीवर काय मिरवते ही बाई. पण ती मिरवायची भिंत नव्हती, आमचं घड्याळ होतं. पहाटेचा शुक्र समोरच्या ताडाच्या शेंड्यावर आला की भिंतीसमोर हात धरायचा. हाताची सावली पडली तर तो शुक्र आणि निघायची वेळ झाली. पडली नाही तर तो दुसराच कुणी, परत जाऊन झोपायचं. आकाशात चंद्र असला की हे जमत नसे, तेव्हा चंद्रावरून अंदाज बांधायचा. चांदणीच्या उजेडानं सावली पडते असं मी आज सांगितलं तर घरातलीच माणसं हसतात. त्यांचा दोष नाही. दापोड्याकडची गोदामं रात्रभर दिवे जाळतात आणि त्या उजेडात माणसाला स्वतःच्याच तीन-तीन सावल्या पडतात. पण तेव्हा खाडीपासून डोंगरापर्यंत एक दिवा दिसत नसे, आणि शुक्राची सावली फिकी, निळसर, पण पाच बोटं मोजता येतील इतकी स्पष्ट पडायची. मी मोजली आहेत.

आम्ही घरात चौघं. आई, बाबा, माझी थोरली बहीण काशी आणि मी मंजुळा. काशीला मी बाय म्हणायची. ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. बाबा मिठागरावर राबून यायचा आणि जेवला की लाकडासारखा पडायचा. त्याला उठवायचं तर पाय ओढावा लागायचा. भाजीचा मळा आई आणि बायनं उचलला होता. मुळे, माठ, वांगी, आणि थंडीत वालाच्या शेंगा. संध्याकाळीच पाट्या भरून, वर ओलं फडकं टाकून पडवीत ठेवायच्या. पहाटे मला जाग यायची ती आईच्या बांगड्यांच्या आवाजानं, मग फुंकणी, मग तव्यावर भाकरी पडल्याचा थप्प असा आवाज. तांदळाच्या दोन भाकऱ्या, भाजलेला बोंबील, रात्रीचं बिरडं उरलं असेल तर तेही, फडक्यात बांधून दोघी निघायच्या. वाटेत चिंचेखाली दुसऱ्या पाड्यावरच्या तीन बाया भेटायच्या आणि मग पाची जणी भिवंडीची वाट धरायच्या. मंडई उजाडता उजाडता भरायची. आधी येईल तिला रस्त्याच्या तोंडाशी जागा, मागून येईल तिला गटारापाशी. गटारापाशी बसलेल्या बाईचे मुळे सोन्याचे असले तरी कुणी वाकून बघत नाही. म्हणून शुक्राला निघायचं.

आईला अक्षरओळख नव्हती, पण आकाश तिच्या हाताखालचं होतं. देवाधर्माच्या गोष्टी ती वर बघून कधी सांगत नसे. तिला फक्त उपयोग माहीत. थंडीत तीन चांदण्या ओळीनं असतात त्याला आम्ही तिकांडं म्हणतो. ते घरामागं मावळतीला टेकलं की पहाट जवळ आली. तिकांड्याच्या एका अंगाला तांबूस तारा असतो, त्याच्याबद्दल ती म्हणायची, "त्याची तब्येत बरी नसते. एका वर्साला टपोरा दिसतो, दुसऱ्या वर्साला सुकतो." सप्तर्षींना आम्ही खाटलं म्हणायचो. त्या खाटल्याच्या एका चांदणीला चिकटून दुसरी बारीक चांदणी आहे, ती ज्याला दिसते त्याची नजर चांगली. बायला एकच दिसायची. मला दोन्ही दिसायच्या, त्यामुळं मी घरात फार शहाणी समजली जायची. एका वर्षी उगवतीला शेपटीचा तारा आला. गावात रडारड, कुणी म्हणे पटकी येणार, कुणी म्हणे राजा मरणार. आईनं दोन पहाटा त्याच्यापुढं भिंतीवर हात धरून पाहिला आणि म्हणाली, "सावली न्हाय पाडत आनि रोज जागा बदलतो. येळ न्हाय दाखवत तर काय कामाचा तो?" तिच्या लेखी तिथं विषय संपला.

हल्ली माझी नात मोबाइलमध्ये वाचून मला सांगत असते. शुक्र हा ताराच नाही म्हणे. त्याला स्वतःचा उजेड नाही, सूर्याचा अंगावर पडतो तोच आपल्याला दिसतो. तिथं शिसं वितळेल इतकी आग आहे आणि स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला त्याला त्याच्या वर्षाहून जास्त वेळ लागतो. तिकांड्याजवळचा तो तांबडा खरोखरच फुगतो आणि आकसतो म्हणे, आणि एक दिवस फुटणार आहे. म्हणजे आई बरोबर होती, त्याची तब्येत बरी नाही. नातीला मी एवढंच म्हटलं की उसना उजेड असो की स्वतःचा, आमच्या पाट्या वेळेवर पोचत होत्या. एकदा सोडून.

त्या वर्षी बायची सुपारी फुटली होती. शेलार गावचा मुलगा, नाव धर्मा. त्यांच्या मळ्याला बारमाही पाणी, घरात दोन बैलजोड्या, आणि मुलगा चांगला. हे मी नंतर बनवून सांगत नाही, तो खरंच चांगला होता. सुपारीच्या दिवशी बाय पाण्याची कळशी घेऊन चालली होती तर त्यानं सगळ्यांदेखत उठून तिला वाट करून दिली. त्यावरून बाया आठ दिवस हसत होत्या. "काशे, हा तर तुझ्या पाट्या पन उचलंल," म्हणायच्या. बाय लाजायची नाही. "उचलंल तर बरंच हाय, मान मोडते माझी," म्हणायची. रात्री मात्र माझ्या शेजारी पडून धर्माच्या घराच्या किती खोल्या, विहीर दारापासून किती पावलं, हे ती मला परत परत सांगायची. लग्न दिवाळीनंतर लगेच व्हायचं, पण गुरूचा अस्त होता. गुरू किंवा शुक्र सूर्याच्या मागं जाऊन दिसेनासा झाला की आपल्यात लग्न लावत नाहीत. दोघं वर पाहिजेत. मग दिवाळी उलटल्यावर गुरू पहाटेचा दिसायला लागला, शुक्र होताच, भटजींनी पंचांग बघून माघातला दिवस दिला. आईनं लग्नाची गाणी, धवले, म्हणणारी बाईसुद्धा सांगून ठेवली. ज्या गुरूची सगळं घर वाट बघत बसलं होतं, त्यानंच पुढं आमचं वाटोळं केलं. त्यानं केलं असं म्हणणं चुकीचं आहे. तो आपल्या वाटेनं चालला होता. मी केलं.

पौषातली अवस जवळ आली होती. आईला हिवताप भरला. तीन गोधड्या अंगावर घालून ती दातावर दात आपटत पडायची आणि पेजेच्या दोन घोटांवर दिवस काढायची. पण वाल तयार झालेला, शेंगा ठेवल्या तर पिवळ्या पडणार. बायनं एकटीनं जायचं ठरवलं. चिंचेपर्यंतच एकटी, पुढं पाड्यावरच्या बाया होत्याच. भाकऱ्या भाजून, पाटी उचलून निघणं तिचं काम, आणि शुक्र बघणं माझ्याकडं आलं. आईनं गोधडीतून मला नीट सांगितलं, "मंजे, आधी एक मोठा येतो. तो गुरू. हल्ली लय आधी येतो. त्याच्यावर जाऊ नको. भिंतीवर हात धर. सावली पडली तरच बायला उठव. ध्यानात राहील?" मी म्हटलं, राहील. मला चौथीत गेल्याचा फार गर्व होता. भिंतीवर हात धरणं हे मला अडाणी माणसांचं काम वाटायचं. खाटल्याच्या दोन चांदण्या दिसणाऱ्या मुलीला शुक्र कळणार नाही का?

मला जाग आली तेव्हा घर गार पडलं होतं. मी दारातून बाहेर डोकं काढलं. ताडाच्या शेंड्यावर एक टपोरा तारा होता, पिवळसर, न लुकलुकणारा. भिंत माझ्यापासून चार पावलांवर होती. चार पावलं जायचं, हात गोधडीतून बाहेर काढायचा, एवढंच होतं. अंगण दवानं भिजलेलं, पाय गारठत होते. मागच्या दारी जाऊन तिकांडं बघितलं असतं तरी कळलं असतं की ते अजून चांगलं वर आहे. तेही मी केलं नाही. मी आत येऊन बायचा खांदा हलवला. "बाय, उठ गो, उगवला." ती ताडकन उठली. आई गोधडीतून म्हणाली, "हात धरलास का?" मी म्हटलं, "धरला." "पडली?" मी म्हटलं, "पडली." अंथरूण गरम होतं आणि मला त्यात परत शिरायचं होतं. एवढ्यासाठी माणूस खोटं बोलतं. मोठ्या कारणासाठी बोललेलं खोटं मी पुढं आयुष्यात पुष्कळ ऐकलं, पण माझं हे एवढ्यासाठीच होतं.

बायनं भाकरी भाजली, डोक्यावर चुंबळ ठेवली, पाटी मीच हात लावून उचलून दिली. ती गेली. चुलीशी ऊब होती म्हणून मी तिथंच पडले. पुन्हा जाग आली ती लघवीला. बाहेर आले आणि डोळे चोळत भिंतीला हात टेकायला गेले, तर हात टेकायच्या आधीच भिंतीवर दुसरा एक हात आला. निळसर, पाच बोटांचा. मी बोटं हलवली, त्यानंही हलवली. मागं वळून पाहिलं तर ताडावर शुक्र पेटल्यासारखा दिसत होता, आणि तो आधीचा पिवळा पार वर, आमच्या कौलांच्या वर जाऊन बसला होता. मला काय ते समजलं. बाय निघून केवढा वेळ झाला होता हे मी त्या दोघांमधल्या अंतरावरून ओळखलं. तेवढं आईनं शिकवलं होतं. त्याच वेळी बाबाचा पाय ओढायला हवा होता. तो धावत गेला असता तर उजाडायच्या आत बायला गाठून मंडईत तिच्यापाशी जाऊन बसला असता. बापाबरोबर दिसलेल्या मुलीला कुणी काही विचारत नाही. मी भिंतीवरचा हात काढून घेतला, आत गेले आणि डोक्यावरून पांघरूण घेतलं.

बायचं काय झालं ते तिनं दुपारी येऊन सांगितलं, तेही हसत. चिंचेखाली कुणी नव्हतं. तिला वाटलं आपल्याला उशीर झाला, बाया पुढं गेल्या. म्हणून ती त्यांना गाठायला धावतच सुटली. वाटभर पुढं बघत होती की आता दिसतील, आता दिसतील. भिवंडीत शिरली तर मंडई बंद, रस्त्यात एक माणूस नाही, नुसती कुत्री. ती अंगावर आली तशी बाय उजेडाकडं पळाली. उजेड एकच होता, लूमच्या कारखान्याचा, रातपाळी चालू. खटाखट खटाखट आवाजात तिला स्वतःचं ओरडणं ऐकू येईना. दारात दाढीवाला म्हातारा कारागीर बिडी ओढत उभा होता. त्यानं कुत्र्यांना दगड मारला आणि म्हणाला, "बेटी, अभी तो बहुत रात बाकी है. इधर चौखट पे बैठ जा, अंदर मत आना, मशीन है." मग चहावाला किटली घेऊन आला तेव्हा त्या चाचानं एक पेला तिच्यापुढं ठेवला. चार कारागीर तिथंच उकिडवे बसून चहा पीत होते. कुणी तिच्याकडं वर मान करून बघितलं नाही, म्हणाली. "असला गोड चा मी जल्मात प्यायले न्हाय गो मंजे. आनि कपडा कसा तयार व्हतो बघितलं. पानी वाहतं तसा येतो." मी विचारलं नाही आणि तिनंही मला विचारलं नाही की तू हात धरला होतास का. माझ्याकडं बघून नुसतं म्हणाली, "लय लौकर उठवलंस आज," आणि माझ्या डोक्यात टपली मारली.

तिला ठाऊक नव्हतं की त्या चहा पिणाऱ्यांच्या मागं पाचवा एक माणूस उभा होता. धर्माचा चुलता त्याच कारखान्यात रातपाळीला होता. त्यानं तिला ओळखलं. पुढं येऊन "पोरी, इथं कशी?" एवढं त्यानं विचारलं असतं तर हे प्रकरण मला लिहावं लागलं नसतं. तो न बोलता आत गेला आणि सकाळी ड्युटी सुटल्यावर शेलारला जाऊन बोलला.

तिसऱ्या दिवशी दुपारी धर्माचा बाप आणि तो चुलता आमच्या पडवीत येऊन बसले. पांढऱ्या भिंतीला पाठ लावून बसले. बाबानं तंबाखूची चंची पुढं केली, म्हाताऱ्यानं हात लावला नाही, तेव्हाच घरातल्या सगळ्यांना कळलं. आई गोधडी पांघरून उंबऱ्यापाशी टेकून बसली. बाय आत, दाराआड.

"आमची काय तक्रार न्हाय," म्हातारा म्हणाला. "पन लोक इचारतात, रातचं काय काम व्हतं पोरीचं कारखान्यात. त्यांना काय सांगू ते तुमीच सांगा."

"शुक्राला निघाली," आई म्हणाली. "नेहमीसारखी. मला ताप व्हता म्हनून एकटी."

"शुक्र?" चुलता म्हणाला. "वहिनी, मी पन शेतकऱ्याचाच पोर हाय. ही चौकटीत बसून चा पीत व्हती, आनि त्याच्यानंतर मागनं शुक्र उगवला. माझ्या डोळ्यानं बघितला. मग ही कनच्या शुक्राला निघाली?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं. तापलेल्या चेहऱ्यावर एकदम हुशारी आली. "म्हंजे पोर चुकली," ती म्हणाली. "गुरूला शुक्र समजली. हल्ली गुरू आधी येतो, तुमाला पन म्हाईत हाय. आमची धाकटी बघते ना. मंजे, इकडं ये."

मी पुढं गेले. सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

"खरं सांग," आई म्हणाली. "कोन मारनार न्हाय तुला. त्या दिशी भिंतीवर हात धरलावता का?"

कोण मारणार नाही हे मी त्याआधीही ऐकलं होतं आणि त्यानंतर मारही खाल्ला होता. पण ते कारण सांगून मी सुटत नाही. मला दिसत होतं की 'नाही' म्हटलं की सगळं मिटतंय. आई मला तो शब्द हातात देत होती, जसा घास देतात. पण नाही म्हटलं तर त्या पहाटे आईशी खोटं बोलले हे उघडं पडलं असतं, आणि मी चौथीतली हुशार मुलगी, दोन चांदण्या दिसणारी. त्या दोन परक्या पुरुषांसमोर मला चुकायचं नव्हतं.

"धरलावता," मी म्हटलं.

"नीट आठव. सावली पडली?"

"पडली."

आईचं तोंड उघडंच राहिलं. म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं, मायेनं पाहिलं. "लेकरू खोटं कशाला बोलंल," तो म्हणाला आणि गुडघ्यावर हात देऊन उठला. "सावली पडली म्हंजे शुक्रच व्हता. शुक्राला हितनं निघालेली पोर शुक्र उगवायच्या आधी भिवंडीत चा प्यायला कशी पोचंल? थोरली त्याच्या आधीच रातची निघाली असंल, आनि माय झाकते. आमाला काय इचारायचं न्हाय आता." आत बाय म्हणाली, "मामंजी, मी खरंच मंजीनं उठवलं तवा निघाले," पण त्याला अजून सासरा मानणारी ती एकटी उरली होती. तो पडवी उतरून गेला. त्याच्या पाठीला आमच्या भिंतीचा चुना लागला होता. आठवड्यानं सुपारीची साडी आणि नारळ परत गेले.

त्यावर आईनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं मला परत कधी शुक्र बघायला सांगितलं नाही, आणि पुढच्या दिवाळीला भिंत चुन्यानं रंगवली नाही. शेणानं सारवून टाकली. बाबानं मिठागराच्या मुकादमाकडून जुनं गजराचं घड्याळ आणलं, ते रोज पुढं पळायचं.

बायचं लग्न त्याच मोसमात उरकलं, गुरू-शुक्र दोघं वर आहेत तोवर. वाडा तालुक्याच्या पलीकडं, रानात एक गाव, नवरा बिजवर, बाबाहून चार वर्षांनी लहान असेल. दम्याचा आजारी. त्याची आधीची दोन मुलं. धवले म्हणायला बाई आली, पण मागं सूर ओढायला बाया नव्हत्या, ती एकटीच म्हणत होती. करवली म्हणून कलश घेऊन मी बायच्या मागं उभी होते. ती निघताना सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्या गळ्यात पडली नाही, पण माझी वेणी सुटली होती ती बांधून दिली. बांधताना जरा जोरात ओढली, असं मला तेव्हा वाटलं. आजही मी ठरवू शकलेली नाही.

ती वर्षाला एकदा यायची, कधी तेही नाही. नवऱ्याचा दमा तिनं चाळीस वर्षं काढला. स्वतःला मूल झालं नाही. त्याची मुलं वाढवली, त्यांची लग्नं केली, आणि तो गेल्यावर त्या मुलांनी तिला सांगितलं की घर लहान पडतंय. ती पत्र्याची एक पेटी घेऊन माझ्याकडं आली. तोवर मी कोन गावातल्या सासरी नांदून म्हातारी झाले होते, जागा होती, मुलं काही बोलली नाहीत. धर्माबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. तो वारला तेव्हा बातमी माझ्या मुलानं जेवताना सांगितली. बाय भात कालवत होती, ती कालवतच राहिली.

आता तिचे डोळे गेले आहेत. मोतीबिंदू काढला, पण मागचा पडदाच खराब, डॉक्टरनं सांगितलं. उजेड-अंधार कळतो, बाकी नाही. आम्ही दोघी गच्चीला लागून असलेल्या खोलीत झोपतो. म्हातारपणी झोप पहाटेच संपते. मी गच्चीवर जाते, आणि ती अंथरुणातून विचारते, "उगवला का गो?" रस्त्यावर ट्रक उभे असतात, गोदामांचा उजेड ढगांपर्यंत गेलेला, तिकांडं ओळखायला मान मोडते, खाटल्याजवळची बारीक चांदणी मलाही आता दिसत नाही. पण शुक्र दिसतो. गुरूही दिसतो. एवढ्या उजेडात ते दोघंच टिकले आहेत. मी म्हणते, "उगवला." मग ती कधी कधी विचारते, "सावली?" मी म्हणते, "आता कुठली सावली, दिवे किती हायत." हे ती सहज विचारते की मुद्दाम मला विचारते, हे मला कळत नव्हतं. वर्षं गेली अशी.

गेल्या थंडीत एका पहाटे सगळ्या भागातली वीज गेली. गोदामांच्या जनरेटरांना सुरू व्हायला थोडा वेळ लागला, तेवढा वेळ खरा अंधार होता. मी गच्चीत उभी होते. कठड्याची भिंत पांढरी आहे. मी मागं वळले तर तिच्यावर माझा हात पडलेला. फिका, निळसर. आता बोटं वाकडी झाली आहेत, तीही दिसत होती.

आतून बाय म्हणाली, "दिवे गेले जनू. उगवला का?"

"उगवला."

"सावली पडली?"

मी म्हटलं, "आज पडली. तवा पडली नव्हती, बाय. मी हातच धरला नव्हता."

जनरेटर सुरू झाले, उजेड आला, भिंतीवरचा हात गेला. मी आत येऊन तिच्या अंथरुणापाशी बसले. ती छताकडं तोंड करून पडली होती.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "चाचाच्या चौकटीत बसलेवते. चा पिता पिता समोर दुसरा उगवला. म्हटलं, मंजी चुकली. हसायला आलं मला."

"मग त्या दिशी त्यांच्यासमोर का न्हाय बोललीस?"

"माझं कोन ऐकत व्हतं? ऐकायचं ते तुझं." पांघरूण ओढून घेत म्हणाली, "चुकलीस त्याचं काय न्हाय गो. चुकतं मानूस. आनि पोर व्हतीस, घाबरलीस."

मला वाटलं, झालं, सुटले. मी तिचा हात धरायला गेले.

"मग मोठी झालीस ना," ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.

त्यानंतर आमच्यात भांडण नाही, अबोला नाही. ती माझ्या हातची पेज पिते, मी तिची वेणी घालते, केस आता मूठभरही नाहीत. फक्त पहाटे ती मला विचारत नाही. सुनेची चाहूल लागली की तिला विचारते, "किती झाली गो येळ?" सून मोबाइल बघते आणि सांगते. बाय तिच्यावर विश्वास ठेवते आणि उठून बसते.